महासाथीतले संशोधन मोजताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविडकाळात भारतातून किती शोधनिबंध निघाले, जगात आपला नंबर कितवा लागला, अशी आकडेवारी अजूनही अधूनमधून वाचायला मिळते. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी प्राध्यापकांच्या निबंधांची यादी करायची, नियतकालिक ‘स्कोपस’ या संशोधन-सूचीमध्ये आहे का ते तपासायचे, हे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. निबंध कसाही असो, तक्त्यात त्याची एकच ओळ धरतात.

एप्रिल ते जुलै २०२० या काळात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) प्लाझ्मा उपचारांची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णांना देण्याची, चाचणी घेतली. साथ ऐन भरात असताना ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना प्लाझ्मा दिला, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावायचा थांबला. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आले. तक्त्यात १. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधावर एका अमेरिकी कंपनीच्या आकडेवारीवरून लिहिलेला निबंध आला. मूळ माहिती तपासायला मिळेना, म्हणून दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. छापून आला त्या दिवशी तोही १ च होता.

आणि पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) मार्च २०२० मध्ये कोविडचा विषाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला, तोच पुढे कोव्हॅक्सिन लशीसाठी वापरला गेला, त्याचे मोल निबंधांच्या बेरजेत कुठे दिसते? रात्रंदिवस नमुने तपासणाऱ्या तंत्रज्ञांचे नाव तर बहुतेक कुठल्याच निबंधावर नसते.

हे इतके तळमळीने लिहितो आहे त्याला कारण आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे मेहुणे ऑक्सिजनवर होते. रुग्णालयातून चिठ्ठी हातात आली: प्लाझ्मा, बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या, ‘अर्जंट’खाली दोन रेघा. मी आणि भाचा दोन दिवस रक्तपेढ्या पालथ्या घालत होतो, व्हॉट्सअॅपवर आलेल्या दात्यांना एकेक करून फोन लावत होतो. मेहुणे बरे झाले. पण ज्या उपचाराचा उपयोग नाही हे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी सहा महिने आधी सिद्ध करून ठेवले होते, त्यासाठी आम्ही, आणि आमच्यासारखी कितीतरी घरे, आपल्या माणसाला सोडून वणवण फिरत होतो. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

आपल्यासारख्या देशात संशोधनाला पैसा आधीच कमी. तो निबंधांची संख्या वाढवण्यात खर्च होऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या दैनिकाने यापुढे अशी आकडेवारी छापताना आणखी एक रकाना जरूर मागावा: निष्कर्ष हाती आल्यापासून सरकारी उपचार-सूचना बदलेपर्यंत किती दिवस गेले? प्लाझ्मा त्या सूचनांतून १७ मे २०२१ रोजी वगळला गेला. निबंध छापल्यापासून जवळजवळ सात महिन्यांनी.

– एक ग्रंथपाल, सातारा