त्या डॉक्टरांचे आणि मदतनीस ताईंचे मनापासून आभार

रस्त्यावरून उचलून आणलेली आमची चिंगी जेमतेम 2 किलोची. ती गाभण आहे हे तपासणीत कळलं, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं: इतक्या लहान कुत्रीचा जननमार्ग अरुंद असतो, त्यात पोटात एकच पिल्लू असलं तर ते मोठं होतं आणि अडकतं. नेमकं तेच झालं. सारख्या जोरदार कळा येऊनही पिल्लू बाहेर येईना, म्हणून रात्रीच दवाखाना गाठला.

डॉक्टर घरी निघाल्या होत्या. चिंगीला पाहताच त्या मागे वळल्या आणि सिझेरियनच्या तयारीला लागल्या. पिल्लू निघालं ते निपचित. मदतनीस ताईंनी त्याचं नाक-तोंड पुसलं, टॉवेलात घेतलं आणि चोळत राहिल्या, ते कुंई करेपर्यंत.

पुढे दूध पाजताना चिंगी थरथरू लागली, पाय ताठ झाले. रक्तातलं कॅल्शियम घटलं होतं. लहान चणीच्या कुत्र्यांत बाळंतपणानंतर हा धोका मोठा, आणि जीवघेणा. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश दिलं, कारण घाई केली तर हृदयाची लय बिघडते. स्टेथोस्कोप सतत तिच्या छातीवर. ताईंनी तेवढा वेळ तिचं डोकं तळहातावर पेललं होतं. हात अवघडला, तरी काढला नाही. हे मी कधीच विसरणार नाही.

पिल्लाला बाटलीने दूध कसं द्यायचं, तेही त्यांनीच शिकवलं. चिंगी सावरल्यावर तिची नसबंदीही केली. डॉक्टर, ताई, तुमच्यामुळे दोघंही आज घरात आहेत. खूप खूप आभार.