पंचनाम्यानंतर पोलिसांच्या मनाचे काय?

महोदय,

सोलापूर-पुणे महामार्गावर भीषण अपघात झाला की मृतांची व जखमींची बातमी छापून येते. परंतु चेंदामेंदा झालेल्या गाडीतून मृतदेह बाहेर काढणाऱ्या, पंचनाम्यासाठी रस्त्यावर विखुरलेल्या चपला आणि जेवणाचे डबे गोळा करणाऱ्या, आणि त्यातच मृताचा मोबाइल वाजू लागल्यावर पलीकडच्या नातेवाइकाला काय सांगावे हे न सुचणाऱ्या पोलीस शिपायाच्या मनाची नोंद कुठल्याच स्टेशन डायरीत होत नाही.

असे दृश्य महिना उलटल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नसेल, झोप उडाली असेल, लहानशा आवाजानेही दचकायला होत असेल, तर तो आघातोत्तर तणावाचा विकार असू शकतो आणि त्यावर गुणकारी मानसोपचार उपलब्ध आहेत. अडचण आहे ती भीतीची. ‘मन कमजोर’ असा शिक्का बसेल, बढती अडेल, या धास्तीने माणसे गप्प राहतात, आणि त्याची झळ पोलीस लाइनमधल्या बायकामुलांना सोसावी लागते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

म्हणून अशा घटनेनंतर संबंधित कर्मचाऱ्यांना खात्याबाहेरच्या समुपदेशकाची भेट कर्तव्याचा भाग म्हणून, सेवापुस्तकात नोंद न करता मिळावी. आषाढीच्या बंदोबस्तानंतर सलग विश्रांती द्यावी. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते. हा क्रमांक तरी शहर व ग्रामीण पोलिसांनी प्रत्येक ठाण्यात तातडीने लावावा, ही कळकळीची विनंती.

– एका निवृत्त हवालदाराची मुलगी, जुळे सोलापूर