‘सहन होतंय’ म्हणू नकोस

लष्कर, ग्वाल्हेर
पाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय मालू,

स. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. कोंबडीचे पाय वाटले तरी ते माझेच आहे. फोनवर सगळे सांगता आले असते, पण फिजिओने रोज एक पान लिहायचा व्यायाम दिला आहे. कोऱ्या वहीत ‘श्रीराम जयराम’ भरण्यापेक्षा तुला चार शब्द सुनावलेले बरे. तीन-चार दिवस लागतील, तेव्हा मधेच अक्षर बिघडलेले दिसले तर तिथे हात दमला असे समज.

परवा तू विचारलेस, ‘शकू, या बदललेल्या गुडघ्याला गरम शेकू की बर्फ लावू? बाळ्याने लाल दिव्यांचा पट्टा मागवलाय, तो लावू का?’ मी ‘कळवते’ म्हणाले, कारण उत्तर एका वाक्यात मावत नव्हते. शिवाय त्यासाठी मला माझाच एक गाढवपणा कबूल करावा लागणार होता.

आधी पडण्याचे सांगते. जानेवारीत इथे आठ दिवस सूर्य नव्हता. आपले ते धुके तुला आठवत असेल, समोरचा किल्लासुद्धा गिळून टाकणारे. नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला गच्चीवर ऊन आले आणि मी शाळकरी पोरीसारखी जिना चढायला गेले. वरून तिसरी पायरी ओली होती. उजवा तळहात टेकून पडले. मनगटाशी हात जेवणाच्या काट्यासारखा वाकलेला. डॉक्टर म्हणाले, कोलीज फ्रॅक्चर. हे कोलीज डब्लिनचे सर्जन. त्यांनी या मोडण्याचे वर्णन १८१४ साली केले, म्हणजे क्ष-किरण सापडायच्या एक्याऐंशी वर्षे आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी. बांगड्या कापल्या, सहा आठवडे प्लास्टर. ते निघाले तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. मनगट वाळक्या काकडीसारखे, बोटे सुजलेली, मूठ अर्धी. कणीक मळणे सोड, गॅसचा खटका फिरवता येईना.

मग एका सेंटरवर गेले. नाव लिहीत नाही, बाजारात आहे एवढेच. दहा बैठकांचे पैसे आधी. तिथे ‘सिकाई’ म्हणजे हॉट पॅक. जाड कापडाच्या पिशवीत फुगणारी माती भरलेली असते आणि ती पिशवी सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पाण्यात सदा बुडलेली. काढायची, टॉवेलच्या सहा ते आठ घड्यांत गुंडाळायची आणि मग अंगावर ठेवायची. तिथल्या मुलाने तीन घड्या घातल्या आणि फोनवर बोलत बाहेर गेला. जाताजाता विचारले, ‘आंटी, ठीक है?’ मी म्हटले, ‘हाँ, सहन होतंय.’

मालू, मी बत्तीस वर्षे पोरांना उष्णतेचा धडा शिकवला. वहन, अभिसरण, प्रारण. वर्गात उभे राहून सांगितले की कापसाच्या थरांत अडकलेली हवा रोधक असते. थर कमी आहेत हे मला दिसत होते, हात भाजतोय हे कळत होते, आणि तोंडातून निघाले काय तर सहन होतंय! रात्री फोड आला. अजून डाग आहे, रुपयाएवढा. उरलेल्या सात बैठकांचे पैसे त्यांनी दिले नाहीत, तेही सहनच केले म्हणायचे.

आपल्या आयांनी आपल्याला हेच तर शिकवले ना? चूल फुंकताना चटका बसला तर हात झटकायचा नाही, भांडे खाली पडेल.

(काल इथेच थांबले. अंगठा दुखायला लागला.)

आता जिच्याकडे जाते ती फिजिओ पोरगी सव्वीस-सत्तावीसची असेल. जनकगंजात एका खोलीत तिचा सगळा कारभार. पहिल्या दिवशी तिने काय काढले असेल ओळख! दोन परीक्षानळ्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. मला डोळे मिटायला लावले आणि हातावर इथे-तिथे टेकवत गेली, ‘ये गरम कि ठंडा?’ मला एकदम कमलाराजा कॉलेजातली आपली लॅब आठवली आणि हसू आले. तिने विचारले, हसता का? मी म्हटले, ‘बेटा, मैं पास हुई कि नहीं?’ पास झाले. ही परीक्षा घेतल्याशिवाय शेक द्यायचाच नाही, असा नियम आहे म्हणे. मग म्हणाली, ‘आंटी, सह लूँगी मत बोलिए. गरम है, बहुत गरम है, या कम है, बस इतना बताइए.’

तिच्या त्या बोलण्याने माझे डोळे उघडले. मला वाटायचे मशीनवर आकडे असतात, ते बघून शेक देत असतील. पण चामडीच्या आत किती अंश झाले ते कुणाला दिसत नाही. हॉट पॅक असो, लाल दिवा असो, अगदी विजेच्या लहरींनी आतवर शेक देणारे डायथर्मीचे मोठे यंत्र असो, मात्रा ठरते ती रोग्याला किती ऊब जाणवते यावर. म्हणजे तापमापक आपणच. आणि आपल्यासारखा खोटारडा तापमापक कुठल्या प्रयोगशाळेने ठेवून घेतला असता?

तिच्याकडचा मेणाचा शेक मात्र तुझ्या डोळ्यांसमोर उभा करायलाच हवा. स्टीलच्या पेटीत पॅराफिन वितळलेले, त्यात सहा-सात भागांना एक भाग या बेताने पातळ तेल. तेलाने मेणाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. पेटी बावन्न-चौपन्न अंशांवर. एवढ्या गरम पाण्यात हात घातला तर किंचाळशील. मेणात का नाही? एक तर मेणाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास आणि उष्णता वाहण्यात ते मठ्ठ. दुसरे म्हणजे पहिल्या बुडीलाच त्वचेशी पातळ थर गोठतो आणि तोच हातमोजा होऊन पुढच्या मेणाला अडवतो. गोठताना सुप्त उष्णता सोडतो ती सावकाश. म्हणून अंगठी काढायची, हात धुऊन अगदी कोरडा करायचा, कारण पाण्याचा एक थेंब राहिला तरी तिथे चटका. बोटे पसरून बुडवायचा, काढायचा, थर पांढुरका झाला की पुन्हा. आठ-दहा बुड्या. बोटे हलवायची नाहीत, नाहीतर थराला भेगा पडून गरम मेण आत शिरते. वर प्लॅस्टिकची पिशवी, वर टॉवेल, वीस मिनिटे स्वस्थ. मग सोलून काढायचे. अख्खा मोजा निघतो, माझ्या रेषांसकट. खाली असतो लालबुंद, मऊ हात, लोण्याच्या गोळ्यासारखा. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरीच गॅसवर वितळवा की. मुळीच नाही. मेणाची वाफ पेट घेते.

पण हेही लिहिते की मेणाने माझे मनगट बरे झालेले नाही. हाड हाडाने जोडले. मेण काय करते, तर दुखणे कमी करते आणि आखडलेल्या स्नायुबंधांना थोडा वेळ ढिले करते. तो वेळ फार थोडा. मोजा सोलला की लगेच पोरगी हात पकडते आणि मनगट वाकवते, वळवते, मूठ मिटवते. तेव्हा खरे प्राण जातात. पहिल्या आठवड्यात मी मेण झाले की पदर सावरून उठू बघायचे, ‘छान वाटलं, येते हं.’ ती दार अडवून उभी राहायची. तिथे येणाऱ्या निम्म्या बायका नुसत्या शेकाच्या भक्त आहेत. ऊब घेतात, डुलकी काढतात, व्यायाम ‘घरी करते’ म्हणतात. घरी काय करतात ते तुला-मला ठाऊक आहे.

सूज होती तेव्हा गरम-गार पाण्याच्या दोन बादल्यांचाही खेळ झाला. तीन मिनिटे चाळीस अंशांत, एक मिनिट गारमध्ये. फेब्रुवारीत गार पाण्यासाठी काही करावे लागले नाही, नळ पुरेसा होता. सूज त्याने उतरली की रात्री हात उशीवर उंच ठेवल्याने, देव जाणे. माझा कौल उशीला.

आता तुझा गुडघा. ऑपरेशनला तीन आठवडे झाले ना? मग तूर्त गरम नकोच. ताज्या ऑपरेशनच्या जागी ऊब दिली तर रक्त आणखी धावते आणि सूज वाढते. बर्फ, पाय उंच, दिवसातून तीन-चारदा पंधरा मिनिटे. टाक्यांची जागा कोरडी राहिली पाहिजे. आणि फ्रीजरमधली ती निळी जेलची थैली थेट लावू नकोस. ती शून्याच्या पंधरा-अठरा अंश खालून बाहेर येते. साधा वितळता बर्फ ओल्या फडक्यात बरा. तो शून्याच्या खाली जात नाही, आणि एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी ओढून नेतो. ‘८०, मालती, शून्य नव्हे!’ म्हणून सर तुझ्यावर ओरडले होते, विसरली नसशील. बर्फ लावल्यावर आधी थंडी वाजते, मग जळजळ, मग ठणका, मग बधिर. बधिर झाले की उचलायचा.

आणि इथेच तुझी गोम आहे, म्हणून एवढी पाने खरडली. गुडघा बदलताना समोरून चीर देतात, तेव्हा त्वचेची एक बारीक नस बहुधा कापली जाते. त्यामुळे चिरेच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा सुन्न राहतो. तू फोनवर म्हणालीस ना, ‘तिथे हात लावला तर दुसऱ्याचा पाय वाटतो’? तोच. वर तुझी साखर वीस वर्षांची, पावलांना मुंग्या. म्हणजे मी निदान खोटे तरी बोलले. तुझा पाय खरे बोलायला बसला तरी त्याला काही कळणार नाही. बर्फाच्या त्या चार पायऱ्या तिथे येणारच नाहीत, तेव्हा घड्याळ लाव आणि मधेमधे कातडीचा रंग बघ. विजेची शेकपिशवी पायाशी घेऊन झोपायची तुझी सवय तर आजपासून बंद. गंमत म्हणजे चरकसंहितेत स्वेदाचे, म्हणजे शेकाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत, तापलेल्या दगडापासून वाफेच्या नळीपर्यंत, आणि त्याच अध्यायात स्वेद कुणाला देऊ नये त्या यादीत मधुमेही आहेत. आजीची विटेची शेगडी नि वाळूची पुरचुंडी आपण उचलली, यादी तेवढी विसरलो.

(आज हात बरा चालतोय.)

बाळ्याचा लाल पट्टा. मुलाची माया आहे, तोंडावर टाकून बोलू नकोस. पण ‘लाल दिवा’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पोरीकडे आहे तो अवरक्त दिवा, म्हणजे निव्वळ ऊब. १८०० साली हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले आणि लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत वर चढला. तीच ती. तिथे आपला व्यस्त वर्गाचा नियम चालतो. अंतर निम्मे केले की ऊब चौपट, म्हणून दिवा अर्ध्या-पाऊण मीटरवर ठेवून ती त्याला पुढे सरकू देत नाही. दुसरी गोष्ट मंद लेझरची. १९६७ साली बुडापेस्टला मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर लाल लेझर टाकला, तर केस लवकर उगवले. तिथून ही शाखा निघाली. यात ऊब नाही, प्रकाश पेशीत जाऊन काम करतो असे म्हणतात. काही दुखण्यांत उपयोग दिसला आहे, पण तरंगलांबी, ताकद, वेळ सगळे जुळावे लागते. तुझ्या पट्ट्याच्या खोक्यावर यातले काही छापले आहे का बघ. ‘सांधेदुखी, केस, वजन, झोप’ असे छापले असेल तर काय ते समज. प्रकाशाने रोग बरे होतात यात खोटे नाही. फिन्सेन नावाच्या डॅनिश डॉक्टरला त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार शोधल्याबद्दल १९०३ चे नोबेल मिळाले, आणि पुढच्याच वर्षी तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. पण त्याच्या दिव्यांसमोर रोजचा तास-तास होता, झोपताना बांधायचा पट्टा नव्हता. तुझ्या सर्जनला विचार. तोवर सुन्न जागेवर तर नकोच, कारण बरेचसे पट्टे तापतातही.

आणि कुणी ‘डायथर्मी घ्या, आतपर्यंत शेक जातो’ म्हणाले तर सरळ सांग, आत धातू आहे. ती २७.१२ मेगाहर्ट्झची विद्युतलहर धातूशी एकवटते आणि भलतीकडे भाजते. कागदावर लिहून पर्समध्येच ठेव.

माझे आता असे आहे: कुलपाची किल्ली फिरते, कणीक मळता येते पण फुलक्यांपुरती, ओले पातळ अजून पिळता येत नाही. पाडव्याला गुढीची गाठ मारायला नातवाला बोलवावे लागले. गाठ सुटली, गडू खाली आला, ठणठण आवाज महाराज बाड्याच्या चौकापर्यंत गेला असेल.

तुझ्या फिजिओकडून परीक्षानळ्यांची ती परीक्षा करून घे. मग गुडघ्याचे चित्र काढ, जमेल तसे, आपल्या जर्नलमध्ये काढायचीस तसे. जिथे गरम-गार कळले नाही ती जागा पेन्सिलीने रंगव आणि पोस्टाने पाठव. फोटो नको. बाळ्याला काढायला सांगू नकोस.

तुझी,
शकू