फोल्डर थोडे ठेव, टॉपिक हवे तेवढे कर

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

ग्नूसमध्ये, म्हणजे ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधल्या मेल वाचायच्या सोयीत, मेल यायला लागले, पण फोल्डर हाती लागत नाहीत, असं तुझं म्हणणं आहे. अर्धे दिसत नाहीत, दिसतात ते रिकामे, आणि बँक, जिनिंग, पीक विमा, संत्र्याचे व्यापारी सगळं एका ढिगात. शेतकरी कंपनीचा सारा पत्रव्यवहार तुझ्या एकट्याच्या लॅपटॉपवर चालतो, तेव्हा नीटच सांगतो. पत्र लांबेल, चहा घेऊन बस लेका.

आधी लिपीचं. कळींची नावं आणि आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. ‘मोठा टी’ म्हणजे शिफ्ट धरून टी, ‘लहान टी’ म्हणजे नुसता टी. ‘मोठा टी, लहान एन’ असं लिहिलं तर दोन कळी एकामागून एक दाबायच्या, एकदम नाही. व्हेरिएबलच्या (ईमॅक्समधल्या सेटिंगच्या) नावाचं स्पेलिंग अडलं तर कंट्रोल-एच, मग लहान व्ही, मग सुरुवातीची चार अक्षरं आणि टॅब. बाकीचं ईमॅक्स पुरं करतो.

आता ते ‘गायब’ मेल. ग्नूसचं मूळ मेलमध्ये नाही. जपानच्या मासानोबू उमेदाने तो यूजनेट या जुन्या चर्चा-जाळ्यावरच्या बातम्या वाचायला लिहिला, आणि १९९० च्या दशकात नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्टसेनने नव्याने बांधला. बातमी एकदा वाचली की परत कोण बघतो? म्हणून वाचलेलं लपवायचं, ही त्याची सवय. फोल्डरला तो ‘गट’ म्हणतो, आणि ज्या गटात न वाचलेलं काही नाही तो गटच यादीतून उतरवतो. मोठा एल दाबलास की सगळे गट दिसतात, लहान एलने पुन्हा फक्त न वाचलेले. गटात जुने मेल पाहायचे तर नुसतं एंटर नको, कंट्रोल-यू आणि मग एंटर. किती दाखवू असं तो विचारतो. आत शिरल्यावर आठवण झाली तर तिरपी रेघ, मग लहान ओ. इनबॉक्स आणि बँक कायम डोळ्यापुढे हवेत, तर त्या गटावर मोठा जी, लहान सी दाबून ‘व्हिजिबल’ चालू कर. बरेच गट असले तर ‘ग्नूस-पर्मनंटली-व्हिजिबल-ग्रुप्स’ या व्हेरिएबलमध्ये एकच पॅटर्न (त्या सगळ्या नावांशी जुळणारा साचा) दे.

सर्व्हरवर असूनही मोठ्या एलने न दिसणारा फोल्डर म्हणजे ग्नूसच्या यादीत तू अजून न घेतलेला. घातचिन्ह (सहाच्या कळीवरचं टोपीसारखं) दाबून सर्व्हरच्या यादीत जा, तुझ्या आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) सर्व्हरवर एंटर मार, हव्या त्या ओळीवर लहान यू. समोरचा मोठा के गेला की झालं.

यापुढचं मुद्द्याचं आहे. तुला प्रत्येक व्यापाऱ्याचा वेगळा, प्रत्येक बहाराचा वेगळा, प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर पाहिजे. करू नको. फोल्डर ही सर्व्हरवरची खरी जागा आहे. तिचं नाव बदललं की फोनवर बदलतं, वाटणीचे, म्हणजे आलेला मेल कुठल्या फोल्डरात टाकायचा याचे, नियम मोडतात, आणि नेटची लाइन कमजोर असताना ग्नूसला तपासायला एक दार वाढतं. फोल्डर म्हणजे गोदामातली थप्पी, टॉपिक म्हणजे ग्नूसच्या यादीत गट ज्याखाली मांडायचे तो नुसता मथळा, भिंतीवर खडूने लिहिलेल्या यादीसारखा. यादी रोज पुसून लिही, पोतं हलत नाही. सर्व्हरवर सात-आठ फोल्डर पुरे: बँक, जिनिंग, संत्रा, विमा, सरकारी, हिशेब आणि एक किरकोळ. आंबिया आणि मृग बहाराचे मेल एकाच संत्रा फोल्डरात राहू दे, शोधायला तारीख आहेच.

टॉपिक असे करायचे. गटांच्या यादीत लहान टीने टॉपिकची मांडणी चालू होते. मोठा टी, लहान एन म्हणजे नवा टॉपिक. गटाच्या ओळीवर मोठा टी, लहान एम दाबून त्याला टॉपिकमध्ये हलव. मोठा टी आणि टॅब दिलं की टॉपिक वरच्या टॉपिकच्या पोटात जातो, नुसत्या मेटा-टॅबने (मेटा म्हणजे ऑल्टची कळ) बाहेर येतो. मोठा टी, लहान आर म्हणजे नाव बदल. टॉपिकच्या ओळीवर एंटर मारलं की तो मिटतो किंवा उघडतो, आणि मिटलेला असला तरी आत न वाचलेले किती ते शेजारी दिसतं. खरिपात विमा आणि सरकारी वर ठेव, संत्र्याची तोड सुरू झाली की तो टॉपिक वर आण. त्यासाठी टॉपिकच्या ओळीवर कंट्रोल-के, जिथे हवा तिथे कंट्रोल-वाय. कंट्रोल-के दाबून फक्त ओळ यादीतून निघते, मेल जागेवर असतो. त्याच्याशी मोठा जी आणि डिलीट यांची गल्लत करू नको. ती आज्ञा आयमॅपवर फोल्डरच उडवते, आणि ग्नूसचा होय-नाहीचा प्रश्न घाईत न वाचता ‘होय’ म्हणणारे बरेच आहेत.

टॉपिकचा खरा फायदा असा की त्याच्यावर लावलेली सेटिंग आतल्या सगळ्या गटांना लागू होते. टॉपिकच्या ओळीवर मोठा जी, लहान पी दाबून तिथे ‘पोस्टिंग-स्टाइल’ लिहून कंपनीचा पत्ता आणि सही दिलीस, की त्यातल्या कुठल्याही मेलला उत्तर देताना तुझा खाजगी पत्ता जाणार नाही. एक भानगड मात्र आहे. मोठा टी, लहान सीने तोच गट दोन टॉपिकमध्ये दाखवता येतो, पण दोघांच्या सेटिंग वेगळ्या असल्या तर कुठली लागेल याचा भरवसा नाही. मेल आपोआप काढून टाकणारी सेटिंग तर अशा गटाच्या टॉपिकवर ठेवूच नको.

आता लाइनीचं. ग्नूस मेल तपासतो तेव्हा ईमॅक्स थांबून राहतो. टॉवरला रेंज नसली की कर्सर गोठल्यासारखा वाटतो. उपाय पातळीचा. प्रत्येक गटाला १ ते ९ पातळी असते: ५ पर्यंत सबस्क्राइब केलेले, ६ आणि ७ न केलेले, ८ आणि ९ म्हणजे यादीबाहेर. नवा गट ३ वर येतो. मोठा एस, लहान एलने इनबॉक्सला १ दे, बँक आणि विम्याला २, बाकी ३ वर राहू दे, जाहिरातींना ५. मग १ दाबून लहान जी दिलंस की फक्त पहिल्या पातळीचे गट तपासले जातात. रात्री लाइन बरी असली की नुसतं लहान जी. एकच गट पाहायचा तर त्याच्यावर मेटा-जी. टॉपिकच्या ओळीवर दिलं तर तेवढा टॉपिक. ‘ग्नूस-ॲक्टिव्हेट-लेव्हल’ २ केलंस तर सुरुवातही हलकी होते. मग वरच्या पातळीच्या गटांपुढे आकड्याऐवजी तारकेची खूण (*) दिसेल. ती चूक नव्हे, अजून विचारलं नाही एवढाच अर्थ.

वाटणीवर थोडा वेळ घालव बाप्पा, कारण घोळ बहुधा इथेच होतो. ‘ग्नूस’ नावाच्या सेटिंगच्या फायलीत आयमॅप सर्व्हरच्या वर्णनात ‘एनएनआयमॅप-इनबॉक्स’ला इनबॉक्स दे आणि ‘एनएनआयमॅप-स्प्लिट-मेथड्स’ला ‘डिफॉल्ट’. मग सगळे नियम ‘एनएनमेल-स्प्लिट-मेथड्स’ या एकाच जागी राहतात. एका नियमाचे दोन भाग, फोल्डरचं नाव आणि मेलच्या डोक्यातल्या (कोणाकडून, विषय वगैरे) ओळीशी जुळणारा पॅटर्न. पॅटर्न पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बांध, विषयावर नको. व्यापारी विषयात आज कोटेशन लिहितो, उद्या नुसतं नमस्कार. पत्त्यातल्या टिंबाआधी दोन उलट्या तिरप्या रेघा लागतात, नाहीतर टिंब कुठल्याही अक्षराशी जुळतं. नियमांचा क्रम मोलाचा आहे. ‘एनएनमेल-क्रॉसपोस्ट’ला निल (म्हणजे बंद) दे, म्हणजे पहिला जुळलेला नियमच लागेल; नाहीतर दोन नियमांना जुळलेला मेल दोन्हीकडे जातो. शेवटचा नियम रिकाम्या पॅटर्नचा आणि इनबॉक्सकडे जाणारा हवाच. एखादा मेल कुठे गेला असता हे पाहायचं तर मेलच्या यादीत त्या ओळीवर मोठा बी, लहान क्यू. प्रत्यक्ष पुन्हा वाटायचा तर मोठा बी, लहान आर. हाताने हलवायला मोठा बी, लहान एम. बरेच असले तर आधी प्रत्येकावर हॅशची खूण.

‘नियम बरोबर आहेत तरी काही मेल इनबॉक्सातच पडून राहतात’ हे जे तू लिहिलंस, त्याचं कारण तुझा फोन आहे. ग्नूस वाटणी करताना ‘पाहिला’ असा शिक्का असलेले मेल सोडून देतो. शेतात असताना तू फोनवर मेल उघडलास की शिक्का बसला, मग ग्नूसच्या लेखी ते काम झालेलं. दोन रस्ते आहेत. ‘एनएनआयमॅप-अनस्प्लिटेबल-आर्टिकल्स’मधून तो शिक्का काढायचा, पण मग इनबॉक्सातला वाचलेला जुना मेलही वाटला जाईल, हे आधी पटवून घे. दुसरा रस्ता, वाटणीच सर्व्हरकडे द्यायची: जीमेलच्या वेबपानावरच्या फिल्टरमध्ये पत्ता आणि लेबल टाकायचं, इनबॉक्स वगळण्याची खूण करायची. फोन तुझ्या हातातून सुटणार नाही, तेव्हा तुझ्यासाठी हाच बरा. त्यात जीमेलची एक सोय वापर. पत्त्यात अॅटच्या आधी अधिक चिन्ह आणि शब्द जोडला तरी मेल तुझ्याकडेच येतो. बँकेला ‘अधिक बँक’ जोडलेला पत्ता दिलास की फिल्टर एका ओळीत होतो. काही फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

फोल्डरचं नाव मराठीत हवं म्हणतोस. सर्व्हरवर देवनागरी नाव चालतं, पण आयमॅप ते ॲम्परसँडने सुरू होणाऱ्या सांकेतिक अक्षरांत साठवतो, आणि एखाद्या प्रोग्रॅममध्ये तेच विचित्र अक्षरं दिसतात. पॅटर्न लिहितानाही त्रास. तेव्हा सर्व्हरवर साधं इंग्रजी नाव, टॉपिकची नावं बिनधास्त मराठीत, कारण ती तुझ्याच मशीनवर राहतात. गटालाही मराठी नाव दिसेल: मोठा जी, लहान सीमध्ये ‘कॉमेंट’च्या रकान्यात नाव लिही, आणि ‘ग्नूस-ग्रुप-लाइन-फॉरमॅट’मध्ये जिथे टक्का आणि लहान जी आहे तिथे टक्का आणि मोठा सी कर. कॉमेंट नसलेल्या गटांचं मूळ नावच दिसतं.

जुने मेल आपोआप काढायच्या दोन सेटिंग आहेत. ‘ऑटो-एक्सपायर’मध्ये तू ग्नूसमध्ये वाचलेल्या मेलवरच निकालाची (काढून टाकायची) खूण बसते. ‘टोटल-एक्सपायर’मध्ये वाचलेला प्रत्येक मेल निकालात निघतो, आणि फोनवर उघडलेलाही वाचलेलाच. जाहिरात आणि बाजारभावाच्या मेलना ऑटो-एक्सपायर लाव. टोटल-एक्सपायर तुझ्यासारख्या फोनवाल्याने बँकेच्या वाऱ्याला उभी करू नये. मुदत ठरलेली ७ दिवसांची असते. ‘एक्सपायरी-वेट’ला ३० दे. ‘एक्सपायरी-टार्गेट’मध्ये जीमेलची कचरापेटी दे, म्हणजे मेल लगेच न जाता आणखी ३० दिवस तिथे मिळतो. जो मेल टिकवायचा त्याच्यावर उद्गारचिन्ह. फोनवरचा तारा आणि ही खूण एकच आहे, तारा लावलेला मेल निकालात निघत नाही. निकाल लागतो तू गटातून बाहेर पडताना, तेव्हा सेटिंग लावल्यावर पहिल्यांदा एक-दोन निरुपयोगी गटांवरच बघ.

सेटिंग पॅटर्नने द्यायची तर ‘ग्नूस-पॅरामीटर्स’. दोन गोष्टी सांभाळ. खातं दुय्यम असलं तर गटाचं पूर्ण नाव ‘एनएनआयमॅप, अधिक, खात्याचं नाव, कोलन’ असं सुरू होतं. ‘सुरुवात इनबॉक्सने’ असा पॅटर्न मग कधीच जुळत नाही. आणि मधल्या अधिक चिन्हाला दोन उलट्या रेघा द्याव्या लागतात. गटावर हाताने दिलेली सेटिंग पॅटर्नच्या सेटिंगवर भारी पडते, म्हणून ‘बदल केला तरी फरक नाही’ असं झालं तर आधी गटावर मोठा जी, लहान पी करून बघ.

पाठवलेल्या मेलचं थोडक्यात: ग्नूस आपणहून दर महिन्याला वर्ष-महिन्याचा एक ‘सेंट’ गट काढत बसतो. जीमेल पाठवलेल्याची प्रत स्वतःच ठेवतो, तेव्हा ‘ग्नूस-मेसेज-अर्काइव्ह-ग्रुप’ला निल देऊन मोकळा हो. जिनिंगचा सौदा मात्र प्रश्न-उत्तर एकत्र वाचावा लागतो, त्या गटाला ‘जीसीसी-सेल्फ’ लाव. तुझं उत्तर त्याच फोल्डरात पडेल.

टॉपिक, पातळ्या आणि हाताने दिलेल्या सेटिंग घरच्या डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणाऱ्या ‘न्यूजआरसी’ फायलीत राहतात, शेवटी ‘ईएलडी’. ती लहान एस दाबल्यावर किंवा लहान क्यूने ग्नूस बंद केल्यावर लिहिली जाते. मधेच लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी उतरली, तर पुढच्या वेळी ऑटोसेव्ह फाइल वाचू का, असं ग्नूस विचारेल. ‘नाही’ म्हणालास तर मधली मांडणी गेली, ‘होय’ म्हण. टॉपिक मांडून झाले की लहान एस दाब, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर टाकून ठेव.

वाटणीचे नियम लिहिलेस की पाठव, पासवर्डची ओळ मात्र काढून. आणि पाठवायच्या आधी सध्याच्या फोल्डरांची यादीही जोड. कुठले दोन एकत्र करता येतील ते सांगतो.

काकांना आणि वहिनींना नमस्कार. पोरांना लाड.

तुझा,
गजानन