फायर ड्रिलला वैतागलेल्या लेकीस

प्रिय पिल्लू,

परवा फोनवर किती चिडली होतीस, ऐन क्लायंट कॉलच्या मधे अलार्म वाजला, सगळ्यांना बावीस मजले जिन्याने उतरवलं आणि शिवाय मजल्याची फायर वॉर्डन, म्हणजे आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढणारी, म्हणून तुझंच नाव लावलं कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मी तेव्हा हसलो. पण नंतर एका माणसाची आठवण झाली, त्याच्याबद्दल फोनवर सांगायला बसलो असतो तर "बाबा मीटिंग आहे" म्हणून कट केला असतास, म्हणून लिहितोय.

रिक रेस्कोर्ला. जन्म 1939 चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, आधी ब्रिटिश सैन्यात होता, मग अमेरिकेत जाऊन तिथल्या आर्मीत ऑफिसर झाला आणि 1965 मधे व्हिएतनामला इया द्रांगच्या लढाईत प्लॅटून लीडर, म्हणजे एका छोट्या तुकडीचा प्रमुख होता. शौर्याच्या गोष्टींचा तुला कंटाळा आहे, माहितीये, त्या सोड. मला त्यातलं एवढंच सांगायचंय की रात्रीचा मोर्चा हातात आल्यावर तो आधी खंदकांच्या पुढे चालत गेला, शत्रू जिकडून येईल तिकडून स्वतःच्याच जागेकडे बघितलं, आणि मग परत येऊन लाईन बदलली, नव्याने खणायला लावलं. दमलेल्या पोरांनी मनात काय काय म्हटलं असेल याची कल्पना कर! आणि अंधारात धीर सुटू नये म्हणून हा त्यांच्यासाठी गाणी म्हणायचा.

पुढे सैन्य सोडलं, कायद्याचं शिक्षण घेतलं, शिकवलं वगैरे, आणि 1985 ला डीन विटर नावाच्या फायनान्स कंपनीत सिक्युरिटीचा हेड झाला, तीच कंपनी 1997 मधे मॉर्गन स्टॅनलीत मिसळली. ऑफिस न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या साऊथ टॉवरमधे. 1988 ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर प्रवासी विमान बॉम्बने उडवलं गेलं तेव्हापासून याच्या डोक्यात आपल्या बिल्डिंगचा विचार सुरू झाला. 1990 मधे सैन्यातल्या एका जुन्या मित्राला बोलावलं आणि म्हणाला, तू अतिरेकी आहेस असं समजून बघ, काय करशील. मित्र बेसमेंटच्या पार्किंगमधे गेला, कोणी अडवलं नाही, आणि म्हणाला इथे स्फोटकं भरलेला ट्रक आणून लावीन. बघ, इया द्रांगला केलं तेच परत. त्यांनी रिपोर्ट करून दिला, त्यावर कोणी काही केलं नाही, आणि 26 फेब्रुवारी 1993 ला त्याच पार्किंगमधे व्हॅनमधला बॉम्ब फुटला. सहा माणसं गेली, हजारावर जखमी, लाईट गेले, जिने धुराने भरले आणि काही लोकांना खाली यायला तासन् तास लागले.

यानंतर त्याने कंपनीला सांगितलं की हे लोक परत येणार, आपण इथून हलूया, कमी उंचीच्या जागेत जाऊया. पण लीज 2006 पर्यंतचं होतं. मग म्हणाला ठीक आहे, निदान ड्रिल तरी करू, दर तीन महिन्यांनी, सगळ्यांनी, अगदी बड्या साहेबांनीसुद्धा, दोघादोघांच्या जोडीने जिन्याने खाली. तिथे मिनिटामिनिटाला पैसा फिरतो, त्यामुळे साहेब लोक वैतागायचेच. याने वर्षानुवर्षं ते ऐकून घेतलं. मला विचारशील तर लढाईपेक्षा हेच अवघड, कारण गोळ्या सुटत असताना लोक तुझं ऐकतात, पण मंगळवारी सकाळी सगळं छान चालू असताना कॉफी ठेवून उठा म्हटलं की तू वेडी ठरतेस.

11 सप्टेंबर 2001 पण मंगळवारच होता. 8:46 ला शेजारच्या टॉवरवर विमान आदळलं. साऊथ टॉवरमधे स्पीकरवरून सांगितलं गेलं की ही बिल्डिंग सुरक्षित आहे, ऑफिसमधे परत जा. रेस्कोर्लाने ते ऐकलं नाही, हातात भोंगा घेतला आणि आपल्या लोकांना जिन्यात घातलं. दुसरं विमान याच टॉवरवर 9:03 ला आदळलं, म्हणजे मधे सतरा मिनिटं होती आणि ती त्याने कोणाच्या परवानगीची वाट बघण्यात घालवली नाहीत. जिना हादरला, लोक घाबरले, तेव्हा हा परत गायला लागला. कंपनीचे सुमारे 2,700 लोक होते, जवळजवळ सगळे बाहेर पडले. ट्रेनिंगला आलेले पाहुणे होते, त्यांनाही जिने कुठे आहेत ते आधीच सांगून ठेवलेलं. नशीब पण होतं हां, विमान 77 व्या मजल्यापासून वर घुसलं आणि यांची ऑफिसं त्याच्या खाली होती, वर असती तर ड्रिलने फारसं काही झालं नसतं. राहिलेल्यांना बघायला तो परत वर निघाला, दहाव्या मजल्यावर शेवटचा दिसला. 9:59 ला टॉवर पडला. वय 62, त्यात कॅन्सर झालेला.

तर आता तुझं. तो वॉर्डनचा जॅकेट खुर्चीला लटकवून ठेवू नकोस, एकदा दुपारी मजल्यावर एकटीच फीर, आणि धूर कुठून शिरेल, कुठे अडेल हे डोक्यात ठेवून फीर. जिन्याचं फायर डोअर कोणीतरी हवा येते म्हणून खोकं लावून उघडं ठेवलेलं असणार, ते काढायला लाव, त्या दारामुळेच धूर जिन्यात येत नाही. जिन्यात जुन्या खुर्च्या आणि कार्टन रचलेत का बघ. दोन्ही जिने खालपर्यंत उतरून बघ आणि खालचं दार बाहेर उघडतंय की त्याला कुलूप आहे तेही बघ. कोणाचा गुडघा दुखतो, कोण प्रेग्नंट आहे, कोणाला अलार्म ऐकू येत नाही हे आत्ताच विचारून ठेव आणि प्रत्येकाला एक जोडीदार दे. आणि मॅनेजरकडून आजच मेलवर लिहून घे की मजला रिकामा करायचा निर्णय तू घेऊ शकतेस, त्या वेळी त्याला शोधत फिरायचं नाही.

आई म्हणतेय ड्रॉवरमधे छोटी बॅटरी ठेव, गळ्यात अडकवता येते तसली. मोबाईलचा टॉर्च आहे गं, पण एक हात कठड्याला हवा आणि दुसरा कोणाला तरी धरायला लागेल.

बाबा