हाड शाबूत आहे, पण…

विटा, रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आण्णा, एक्स-रे क्लिअर आहे, मंगळवारी मॅटवर उतरते." मी नुसतं हं केलं. मागांच्या खडखडाटात भांडता येत नाही. आज लाईट गेलीय, माग गप्प आहेत, म्हणून लिहितोय.

एक्स-रेत दिसतं ते हाड. तुझा घोटा मुरगळला तेव्हा ताणला गेला तो अस्थिबंध, तुम्ही ज्याला लिगामेंट म्हणता तो. हाडाला हाड बांधणारी ही दोरी एक्स-रेत उमटत नाही. तेव्हा रिपोर्ट बरोबर आहे, पण त्यावरनं तू काढलेला अर्थ चुकीचा.

रात्री धाकट्याचं नववीचं विज्ञान चाळलं. शरीर चार प्रकारच्या ऊतींचं, म्हणजे एकाच कामाला जुंपलेल्या पेशींच्या समूहांचं: अभिस्तर, संयोजी (बांधून ठेवणाऱ्या), स्नायू आणि चेता (मेंदूचे निरोप ने-आण करणारे धागे). ऊती म्हणजे मुळात विणणं, असं त्याच्या गुरुजींनी सांगितलंय. म्हणजे शब्द आपल्याच धंद्यातला निघाला की! मग पुस्तक खाली ठेववेना. अभिस्तर म्हणजे अस्तर. कातडीला रोजची घासाघीस, म्हणून तिथं घोंगडीसारखे थरावर थर. फुप्फुसातल्या वायुकोशांतून हवा आरपार जायची, म्हणून तिथं मलमलीपेक्षा तलम एकच थर. आतड्याचं अस्तर तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. स्नायूंचे तीन प्रकार, त्यातला एकच आपलं ऐकतो. हृदयाचा दिवसाला लाखभर ठोके देतो, कुणाला न विचारता.

संयोजी ऊतींत मात्र सगळा गोतावळा आहे. हाड, कूर्चा म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, अस्थिबंध, स्नायू हाडाला बांधणारा स्नायुबंध, चरबी, आणि रक्तसुद्धा. हाडाला रक्त भरपूर, म्हणून मोडलं तरी बरंचदा ६ ते ८ आठवड्यांत जुळून येतं. अस्थिबंधाला रक्त कमी, तो सावकाश सांधतो. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, ती एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. घोटा लचकत राहिला तर पुढं तिच्यावरच येतं.

माझं डाव्या हाताचं बोट तू लहानपणापासून बघतेस, पण त्याची खरी हकिकत तुला कधी सांगितली नाही. तू दुसरीत होतीस. पत्र्याची कड बोटाच्या मुळाशी घुसली, स्नायुबंध आणि चेता दोन्ही तुटल्या. मिरजेला नेऊन शिवलं. बाराव्या दिवशी टाके निघाले, वरची कातडी छान मिटलेली. मला वाटलं झालं. तिसऱ्या आठवड्यात बीम, म्हणजे मागाचा सुतानं भरलेला जड रूळ, उचलायला हात घातला आणि आत काहीतरी फटकन सुटलं. पुन्हा टेबलावर. चूक सर्वस्वी माझी. डॉक्टरांनी बजावलेलं होतं. वरचं अस्तर मिटलं म्हणून मी आतली दोरीही जुळली असं धरून चाललो.

चेतेचं तर आणखीच. तुटलेला धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढं सरकतो, मागाच्या वहीफणीतून सूत ओवणारा कारागीर एकेक तार ओवत जातो तसा. बोटाचं टोक गाठायला महिने लागले, आणि तरी सगळे तार ओवले गेले नाहीत. आजही सूत तुटलं की मी मधल्या बोटानं चाचपतो.

तर मंगळवार विसर. फिजिओ मॅडम सांगतील तो व्यायाम कर. त्या एका पायावर उभं राहायला लावतील तेव्हा हसू नकोस. पाय कुठं टेकलाय हे मेंदूला कळवणाऱ्या चेतांची टोकं त्या अस्थिबंधातही असतात, तीही पुन्हा सरावाला आणावी लागतात. निवडचाचणी हुकली तर तुझ्या कोचशी मी बोलेन.

आई आंबेहळदीची पुडी पाठवतेय. लाव, तिला बरं वाटेल. पण लावली म्हणून मॅटवर जाऊ नकोस.

लाईट आली. बीम चढवायचाय, गड्याला हाक मारतो.

तुझे आण्णा