मुलांच्या हातात मुंबई दिलीत, काका

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. लातूरला सुखरूप पोहोचल्याचं फोनवर कळवलंच होतं. पण आभाराचं बोलायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दामच लिहिते आहे. मोठ्या होत चाललेल्या मुलांना घेऊन मुंबईला निघालेल्या कुणा आईबापांच्या नजरेला ते पडलं, तर तुम्ही आम्हाला जे दिलंत त्यातलं थोडं त्यांनाही मिळेल.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याला वन्संकडे यायचं ठरलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "शेजारच्या काकांना विचारा. त्यांनी उभा जन्म बेस्टमध्ये कंडक्टरकी केली आहे, मुंबई त्यांना पाठ आहे." तुमची आमची ओळख नव्हती. मी फोन केला आणि काय काय बघावं असं विचारलं. तुम्ही जागा सांगितल्या नाहीत. म्हणालात, "वहिनी, फोन मुलांकडे द्या."

त्या एका वाक्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. थोरली १३ वर्षांची, धाकटा ११ चा. या वयाची मुलं घसरगुंडीवर रमत नाहीत आणि इमारतीचा इतिहास सांगायला लागलं की दुसरीकडे बघतात. त्यांना कुठे न्यायचं हे घरात मोठी माणसंच ठरवतात. तुम्ही मात्र दोघांशी वेगवेगळं बोललात. थोरलीला विचारलंत की तिला न कंटाळता किती वेळ बसून राहता येतं आणि तेव्हा ती काय करते. ती म्हणाली, चित्रं काढते. धाकट्याला विचारलंत, गाडीत खिडकी आवडते की दार. त्या उत्तरांवर तुम्ही आमचा सगळा आठवडा बेतलात, आणि बेतण्याचं कामसुद्धा त्यांच्याकडूनच करून घेतलंत.

"आधी बंद वार लिहा," हा तुमचा पहिला धडा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सोमवारीही उघडं. मुलांनी कागदावर आठवड्याचे रकाने पाडले, बंद वारांवर फुल्या मारल्या आणि उरलेल्या जागा भरत गेली. सोमवारी विज्ञान केंद्र, मंगळवारी घारापुरी म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी नाही, बुधवारी दक्षिण मुंबईतला फोर्टचा भाग, गुरुवारी राणीची बाग. हे त्यांनी जुळवलेलं असल्यामुळे सकाळी उठवायला मला हाक मारावी लागली नाही. सुट्टीत असं कधी घडत नाही, काका!

दुसरा धडा लोकलचा. सकाळी अकराच्या आत ठाण्याहून निघायचं नाही, निघावंच लागलं तर ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडायची म्हणजे बसायला मिळतं. परतताना एकतर पाचच्या आत, नाहीतर जेवूनखाऊन साडेआठनंतर. लोकलमध्ये १२ वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट असतं, त्यामुळे ताईचं पूर्ण आणि आपलं अर्धं म्हणून धाकटा जरा खट्टू झाला होता. तुम्ही त्याला सांगितलंत, "अर्ध्या तिकिटाचा हिशेब अवघड असतो, म्हणून तिकिटं काढायचं काम तुझं." मग ठाण्याच्या खिडकीवर "तीन फुल, एक हाफ, सीएसटी रिटर्न" असं तो असा म्हणाला, जणू रोजचाच पासधारक आहे.

आणि त्या स्लो गाडीचं तुम्ही त्यांना जे सांगून ठेवलं होतं, ते मी शाळेत शिकले होते पण मला कधी असं भिडलं नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावरून धावली, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० माणसं आणि ओढायला तीन इंजिनं. मुलं अख्ख्या वाटेत स्टेशनं मोजत होती. सोमवारी सीएसटीहून भुयारी मेट्रोने विज्ञान केंद्राला जाताना मधे जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाचं स्टेशन आलं, तेव्हा थोरलीनेच वडिलांना सांगितलं की ती पहिली गाडी आणणाऱ्या कंपनीच्या संचालकांत हेही होते. विज्ञान केंद्राच्या आवारात जुनी ट्राम उभी आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, हेही तुम्हीच सांगितलेलं. तिच्यापुढे धाकटा बराच वेळ थांबला. "काकांना बघायला मिळाली असेल का?" असं विचारत होता. त्याचं उत्तर तुम्ही त्याला पुढच्या फोनमध्ये द्या, तो वाट बघतो आहे.

घारापुरीचं आणि राणीच्या बागेचं तुम्ही जे कोडं घातलंत, त्याला तोड नाही. मुलांना एवढंच सांगितलंत, "बेटावर एक हत्ती होता, तो आता बेटावर नाही. तो कुठे गेला ते गुरुवारपर्यंत शोधून काढा."

मंगळवारी आम्ही गेटवेवरून बोट धरली. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसायचं नाही, हे तुम्ही इतकं ठासून सांगितलं होतं की धाकटा आजूबाजूच्या लोकांचेही पट्टे तपासत होता. तासाभराचा प्रवास, मग त्या सव्वाशेक पायऱ्या. पाण्याच्या बाटल्या पिशवीत आत ठेवा, माकडं हिसकावतात, हेही ऐकलं होतं म्हणून निभावलं. लेण्यात शिरल्यावर अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. सरावले की समोर ती २० फुटांच्या आसपासची त्रिमूर्ती. मुलं आपोआप गप्प झाली. कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचं लग्न, अर्धनारीश्वर, अंधकासुराचा वध, एकेक शिल्प थोरलीने पाटी न वाचता ओळखायचा प्रयत्न केला. लग्नाच्या शिल्पातली लाजलेली पार्वती तिने वहीत काढली. आम्ही तिला घाई केली नाही, कारण "एका जागी पोटभर राहू द्या, दुसरी जागा राहिली तरी चालेल" असं तुम्ही आम्हा दोघांना बजावलं होतं. वरच्या तोफा बघायच्या राहिल्या. कुणाला चुकचुकल्यासारखं झालं नाही.

आणि गुरुवारी राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, तो दगडी हत्ती सापडला. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं चाललं होतं, उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून तुकडे तुकडे झाला. ते तुकडे इथे आणले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून त्याला उभं केलं. धाकट्याने त्याच्याभोवती फेऱ्या मारून सांधे शोधले. पेंग्विनसाठी हटून बसलेलं पोरगं पेंग्विन सोडून दगडाच्या हत्तीपाशी रेंगाळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पेंग्विनही पाहिलेच, पण घरी आल्यावर आजोबांना त्याने हत्तीची गोष्ट सांगितली.

आता बुधवार. "बुधवारी दुपारनंतरचा अर्धा दिवस मुलांचा. त्यात आईबाबांनी 'चला' म्हणायचं नाही," ही तुमची अट. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं, जेवणं झाली, आणि आम्ही दोघं नवराबायको मुलांच्या मागे चालू लागलो. हुतात्मा चौकात मुलं आपणहून थांबली. १९५५ मध्ये इथे गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गेली, आणि त्यानंतर १ मे १९६० उजाडला. तुमचे वडील गिरणीतून सुटून त्या मोर्चांना जात, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं. पुस्तकातलं नाव आणि ओळखीच्या काकांचे वडील, यात मुलांना किती फरक पडतो! मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या तिथल्या पुतळ्याकडे दोघं मान वर करून बघत होती. मराठवाडाही त्या लढ्यात होता, हे त्यांच्या वडिलांनी तिथेच सांगितलं. त्यांचा आवाज जरा जड झाला होता.

मग ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळे टोकदार कमानींचे. समोरच्या अंगाला १९३० च्या आसपासच्या गोलाईच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या इमारती. मधे पोरांचं क्रिकेट. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या आहेत. पण मुलीने ते कशासाठी निवडलं सांगू? तिला दोन्हीकडच्या खिडक्यांची चित्रं काढायची होती. ती बसली ती बसलीच. माझ्या ओठांवर दोनदा "चला" आलं होतं. तेवढ्या वेळात धाकटा मैदानातल्या मुलांत मिसळून क्षेत्ररक्षण करत होता. कुठल्याही यादीत नसलेली ती दुपार दोघांनाही आजवरची सगळ्यात आवडती वाटते.

संध्याकाळी धाकट्याचा हट्ट, डबल डेकर. तुमच्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, १९३७ पासूनची ती सोबत संपली. ते सांगताना तुमचा घसा दाटून आला होता, ते फोनवरही कळलं. आता विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकर आहेत. सीएसटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी मिळाली, वरच्या मजल्यावरची पुढची जागाही मिळाली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे तुम्ही शिकवलेलं तो ताईला समजावत होता. सीएसटीच्या दगडांतले प्राणीपक्षी त्याला गाडीतूनही दिसत होते, कारण "आधी प्राणी मोजा, मग इमारत बघा" हाही तुमचाच सल्ला.

सगळ्यात मोठे आभार भायखळ्याच्या प्रसंगाचे. गुरुवारी बागेतून परतताना मी आणि थोरली बायकांच्या डब्यात चढलो, हे आणि धाकटा पुरुषांच्या डब्याकडे धावले आणि गाडी सुटली. ते चढले नव्हते, हे आम्हाला दारातून दिसलं. माझ्या पोटात गोळा आला. थोरली मात्र शांतपणे म्हणाली, "आई, काकांचा नियम. पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि हलायचं नाही." आम्ही चिंचपोकळीला उतरलो, पंख्याखाली उभ्या राहिलो, आणि मागच्या स्लोने दोघं आले. मोबाइल लागतही नव्हता. नियम आधी सगळ्यांना पाठ होता, म्हणून कुणी घाबरून उलट्या गाडीत बसलं नाही. प्रत्येकाच्या खिशात आत्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती आणि रेल्वेचा १३९ सुद्धा, तीही तुमचीच सूचना.

काकूंचे आभार वेगळे मानते, कारण त्यांनी जे केलं ते करायचं कुणाला सुचत नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी थोरलीला आत बोलावून विचारलं की तारीख जवळ आहे का. मग कुठे स्वच्छतागृह बरं, कुठे टाळायचं, हे तिला समजावलं. वस्तुसंग्रहालयात जाऊन यायचं, मेट्रोच्या स्टेशनांत सोय असते, बोटीत चढण्याआधी आठवणीने जायचं. पिशवीत एक जोड कपडे आणि पॅड ठेवून दिले. मुलीने मला नंतर सांगितलं, "काकू मैत्रिणीसारख्या बोलल्या." या वयाच्या मुलीला घेऊन परक्या शहरात हिंडताना तिचा अर्धा जीव याच काळजीत असतो, ती बोलत नाही इतकंच. काकूंनी ती काळजी काढून घेतली आणि म्हणून ती मोकळेपणाने हिंडली.

खाण्याचं तुमचं एकच सांगणं होतं, भूक लागायच्या आधी खाऊ घाला. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, तेवढा एक ठरवून केलेला थांबा. बाकी वडापाव जागोजागी.

काका, तुम्ही एका अनोळखी घरासाठी इतके फोन केलेत, रोज रात्री नऊला मुलांचा "रिपोर्ट" ऐकलात, दुसऱ्या दिवशीचा बेत त्यांच्याशी बोलून बदललात. निवृत्त माणसाला वेळ असतो असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, वेळ सगळ्यांकडे असतो, तो पोरांना द्यावासा वाटणारी माणसं थोडी.

आता आमची पाळी. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात, तेव्हा तुम्ही दोघांनी लातूरला यायचं आहे. रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडलीत की सकाळी इथे. मुलांनी रकाने पाडायला सुरुवात केली आहे. खरोशाची लेणी, औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला, एक दिवस शेतावर हुरडा आणि एका दुपारी निलंगा राइस. काकूंच्या गुडघ्यांना खरोशाचा चढ झेपेल का, हे धाकटा विचारतो आहे. ते कळवा, म्हणजे तो त्याप्रमाणे कागद बदलेल. आणि अर्धा दिवस तुमचा, त्यात आम्ही कुणी "चला" म्हणणार नाही.

आपली नम्र,
लातूरची वहिनी